पाणी घातलेली शाई

‘पाणी घालणे’ या क्रियेला आपल्याकडे चांगले नाव नाही. दुधात घातले तर गवळी बदनाम होतो, मजकुरात घातले तर लेखक. आणि मी तर शाळेतून निवृत्त झाल्यापासून येडशीच्या घरात बसून काळ्या शाईत पाणी घालण्याचाच उद्योग करीत असतो.

जुन्या कृष्णधवल छायाचित्रांच्या प्रती मी इंकजेट यंत्रावर काढतो. यंत्राजवळ काळी शाई एकच असली, की फिकी छटा दाखवायला ते काळे ठिपके विरळ पेरते. दुरून ठीक दिसते. जवळून पाहावे तर गालावर मिरपूड सांडल्यासारखी. म्हणून एका काळ्याच्या चारपाच राखाडी शाया कराव्या लागतात. कुठे शंभरात तीस भाग शाई, कुठे नऊ, कुठे अवघे दोन. बाकी ऊर्ध्वपातित पाणी, आणि यंत्राची बारीक छिद्रे सुकू नयेत म्हणून थोडे ग्लिसरीन. विहिरीचे पाणी चालत नाही. त्यातल्या क्षारांनी काजळीचे कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. काजळीच म्हणायची ती. पोथ्या लिहिणारे काजळ आणि डिंक घोटीत. माझ्याही शाईचे मूळ कार्बनच. विरळ केल्यावर ती किंचित तपकिरी दिसते. निळ्याचा थेंब टाकून ते झाकता येते, पण निळा रंग काजळीच्या आधी उडतो. मी टाकीत नाही. या गोष्टीचा मला थोडा अभिमानही होता.

गेल्या श्रावणात रामलिंगाच्या दर्शनाला आलेला एक शेतकरी आईचा एकुलता एक फोटो घेऊन आला. म्हणाला, “गुरुजी, मायला जरा उजळ करा की. पोरीला बघायला पाहुणे यायचेत. भिंतीवर पहिली नजर तिच्यावरच जाती.”

नाही म्हणणे सोपे होते. पण त्या माऊलीला मी कधी पाहिलेले नव्हते. ती खरी किती सावळी होती? स्टुडिओवाल्याने दिवा थोडा लांब ठेवला असेल, कागद धुताना क्षणभर जास्त राहिला असेल. मग ज्याला मी सत्य म्हणून जपणार, ते त्याच्या दिव्याचे की तिच्या कातडीचे? आणि नातीचे लग्न मोडले तर माझ्या सत्याची किंमत कोणी द्यायची?

मी दोन प्रती काढल्या. उजळ केलेलीत हनुवटीवरचे गोंदण पार पुसले गेले. दुसरीत ते होते; दोन जवळजवळच्या दाट राखाडी छटांमध्ये, पाहील त्यालाच दिसेल असे. त्याने त्यावर बोट ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही.

“ही भिंतीला,” उजळ प्रत दाखवून तो म्हणाला. दुसरी त्याने धोतराच्या धुवट तुकड्यात गुंडाळली आणि पिशवीत तळाशी ठेवली.

पैसे मी दोन्हींचे घेतले.