सागवानी वाडा आणि जातं

परभणीकडे जुनं घर खणांनी मोजतात. माळवदाचा वाडा, पुढे ढाळज, मग चौक. हल्ली असा वाडा पडायला आला की आधी त्याच्या सागवानाला गिऱ्हाईक येतं. खांब, तुळया, चौकटी ट्रकमध्ये चढताना मी पाहिल्या आहेत. त्यामुळे पुण्यात विश्रामबाग वाड्याच्या सुरूदार खांबांपुढे उभं राहिलं की जीव भांड्यात पडतो. एवढं लाकूड तरी जागेवर आहे.

दुसऱ्या बाजीरावानं बांधलेला हा वाडा 1821 मध्ये संस्कृत पाठशाळा झाला. पेशवे श्रावणात पंडितांना दक्षिणा वाटत. इंग्रजांनी त्या दक्षिणेतल्या पैशावर ही शाळा काढली. 1879 च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला, तो पुन्हा बांधला. जिना चढताना मला एकच प्रश्न पडतो: इथे शिकायला कुणाला मिळालं? सुरुवातीचे सगळे विद्यार्थी ब्राह्मण होते. याउलट, जपानात मात्सुसाकाला मोतोओरी नोरिनागा या विद्वानाचं लाकडी घर जपलं आहे. व्यापारी घराण्यातला हा माणूस पोटासाठी वैद्यकी करी आणि माडीवरच्या लहानशा खोलीत बसून ‘कोजिकी’ या प्राचीन ग्रंथावर भाष्य लिही. 1798 मध्ये 44 भाग पुरे झाले. तिथे माडी चढायला पंडिताचं कूळ लागलं नाही, म्हणून ते घर मला मोलाचं वाटतं.

आपल्याकडे 16 नोव्हेंबर 1852 ला याच विश्रामबागेत मेजर कँडींच्या हस्ते जोतीराव फुल्यांचा सत्कार झाला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात हातभार लावणारे ते कँडी. ज्या घरानं पाठशाळेत माळ्याच्या पोराला बसू दिलं नसतं, तिथेच त्याच्या खांद्यावर शाल पडली. वाड्यात गेलं की हा दिवस आधी आठवावा, नक्षी मग पाहावी, असं मला मनापासून वाटतं.

तिथून चालत थोड्याच अंतरावर भिडे वाडा होता. जोतीराव-सावित्रीबाईंनी 1848 मध्ये मुलींची शाळा काढली ती जागा. ती मोडकळीला येईपर्यंत तशीच राहिली आणि डिसेंबर 2023 मध्ये स्मारकासाठी पाडली. स्मारक व्हायलाच हवं. पण पेशव्यांचे खांब उभे आणि मुलींनी पाटी धरली त्या भिंती जमीनदोस्त, हे मला सलतं. लाकूड तिथेही होतं. फक्त त्याला विद्येचं घर म्हणायला आपण फार उशीर केला.

विद्येच्या घरांचा विचार करताना मला जनाबाई आठवते. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची ही संत पंढरपूरला नामदेवांच्या घरी दासी होती. दळता-कांडता तिनं अभंग रचले. तिला ना माडी होती, ना दक्षिणा. पंढरपूरजवळ गोपाळपूरला मात्र तिचं जातं म्हणून एक जातं दाखवतात. वारकरी बाया वाकून त्याला हात लावतात, आणि कुणीतरी हळूच खुंटा धरून बघतं.