कोल्हा, काडतूस आणि कारकून

मी आजवरच्या आयुष्यात माश्या, थापा आणि बँकेचे शिक्के यांखेरीज काहीही मारलेलं नाही. त्यातल्या माश्यासुद्धा बहुतेक वेळा उडून गेलेल्या आहेत. तेव्हा नांदेडच्या एका बंदुकीच्या दुकानात, काउंटरपलीकडच्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवून ‘काय मारायचंय?’ असं विचारलं, तेव्हा मी गोंधळून ‘काही नाही, सहज आलो होतो’ असं म्हणालो. बंदुकीच्या दुकानात सहज आलेल्या माणसाकडे लोक कसे बघतात, ते त्या दिवशी कळलं.

वास्तविक काम माझं नव्हतं. ते आमच्या आप्पांचं होतं. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. वय अठ्ठ्याहत्तर, दात अस्सल, शेती कयाधूच्या काठाला, कळमनुरी तालुक्यात. त्यांच्याकडे वडिलोपार्जित एकनळी बाराबोर आहे. वडिलोपार्जित इस्टेटीत माझ्या वडिलांच्या वाट्याला पितळी हंडा आला आणि आप्पांच्या वाट्याला बंदूक. हंड्याला परवाना लागत नाही, म्हणून माझे वडील शेवटपर्यंत सुखी होते. आप्पांना मात्र दर नूतनीकरणाला फोटो, अर्ज, झेरॉक्स अशी वारी करावी लागते. शिवाय निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात नेऊन जमा करायची. आमच्याकडे निवडणुका इतक्या येतात, की ती बंदूक शेतापेक्षा ठाण्यातच जास्त राहिली असावी.

तर यंदा आप्पांच्या मक्यात आणि काकडीच्या वेलात कोल्हे शिरू लागले. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण मी शाळेत पाच मार्कांसाठी पाठ केली होती. ती शब्दशः खरी असते हे मला चाळिशी उलटल्यावर समजलं. कोल्हा काकडी खातो, मका खातो, बोरं खातो, ऊस चघळतो. मांसाहारी म्हणून प्रसिद्ध असलेला हा प्राणी श्रावण पाळणाऱ्या आमच्या साहेबांपेक्षा जास्त भाजीपाला खात असेल.

‘‘तू कॉमर्सवाला हायस,’’ आप्पा म्हणाले. ‘‘डब्ब्यावरलं इंग्रजी वाचता येतंय तुला. चल संगं. काडतूस निवडायचंय.’’

कॉमर्सच्या पदवीचा असाही उपयोग असतो, हे विद्यापीठानं आम्हाला सांगितलं नव्हतं.

निघायच्या आधी मी अभ्यास करायचं ठरवलं. कर्जदार येण्याआधी त्याची फाईल वाचावी, ही आमची शिस्त. (कर्ज देण्याआधी वाचावी ही शिस्त वेगळी, आणि ती इतर शाखांत असते.) आमचे साडू अमेरिकेत टेक्सासला असतात. त्यांचा शेजारी कायोटी मारतो. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा तिकडे स्थायिक झालेला चुलतभाऊ. टेक्सासात त्याला बारमाही मारायची मुभा आहे, संख्येची मर्यादा नाही. मी साडूंना फोन केला आणि त्यांनी मला पाऊण तास काडतुसं शिकवली. सासुरवाडीचा विषय न काढता आम्ही एवढा वेळ बोललो, असं लग्नानंतर पहिल्यांदाच घडलं.

तिकडे म्हणे दुकानात कारखान्यातल्या तयार काडतुसांच्या पेट्या बिस्किटांच्या पुड्यांसारख्या रचलेल्या असतात. गोळीचं वजन ‘ग्रेन’मध्ये. कायोटीसाठी 223 जातीच्या रायफलची 55 ग्रेनची गोळी लोकप्रिय. 55 ग्रेन म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅम. आमच्या सोनेतारण काट्यावर एवढ्याला एक बऱ्यापैकी अंगठी होते. ही अंगठी नळीतून सुटते ती सेकंदाला जवळजवळ एक किलोमीटर वेगानं, म्हणजे आवाजाच्या तिप्पट. कायोटीला ‘ठो’ ऐकू येण्याआधीच त्याचा हिशेब पूर्ण झालेला असतो.

पुढे आणखी बारकावे. गोळीवरचं तांब्याचं कवच पातळ हवं की जाड? पातळ असेल तर गोळी आत शिरताच फुटते आणि आपला सगळा जोर तिथेच खर्च करते. कातडं विकायचं असेल तर शिरण्याचं भोक बारीक हवं, पलीकडून बाहेर तर पडायलाच नको. आणि सगळ्यांत गंमत म्हणजे, प्रत्येक नळीची आवड निराळी. एकाच कारखान्यात बनलेल्या दोन रायफलींना दोन वेगळी काडतुसं मानवतात. म्हणून दोन-तीन प्रकारच्या पेट्या आणायच्या, शंभर यार्डांवर कागद लावून झाडून बघायचं, आणि जी गोळ्या जवळजवळ पाडेल ती पेटी कायमची. हे ऐकून मला आमच्या लग्नापूर्वीचे कांदेपोहे आठवले. फक्त तिथे मी कागदाच्या जागी होतो.

मी हे ज्ञान एसटीत आप्पांना सांगितलं. आप्पा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, ‘‘आपली नळी गुळगुळीत हाय. तिला आवड-निवड नाही. दिलं ते खाते. तुझ्या काकूनं मला दिलं ते मी खाल्लं, तसं.’’

बाराबोरच्या काडतुसात एक गोळी नसते, छर्रे असतात. त्यांचे नंबर उलटे चालतात, म्हणजे नंबर वाढला की छर्रा बारीक. सहा नंबर पाखरांचा. त्याच्या वर मोठमोठे होत जातात ते एस.जी., एल.जी. पर्यंत. एल.जी.त मोजकेच, पण टपोरे. दुकानदारांनी खडकीच्या दारूगोळा कारखान्याची काडतुसं काउंटरवर मांडली. हा कारखाना 1869 चा. इंग्रजांनी काढला, पुढे भारत सरकारचा झाला आणि 2021 पासून ‘म्युनिशन्स इंडिया’ नावाच्या सरकारी कंपनीत गेला. मला एकदम आपुलकी वाटली. ज्याचं विलीनीकरण झालंय, त्याचं दुःख बँकेतल्या माणसालाच कळतं.

आप्पांचा परवाना बघून तर मी चाटच पडलो. अगदी पासबुक! किती काडतुसं घेतली, वर्षाला किती घेता येतात, एका वेळी घरात किती ठेवता येतात, सगळी मर्यादा लिहिलेली. कॅश क्रेडिटच म्हणा ना. फक्त इथे उचल केली की दुसऱ्याचं खातं बंद होतं.

आणि नेमका तेव्हाच तो प्रश्न आला : ‘‘काय मारायचंय?’’

मी ‘सहज’ म्हणालो ते वर आलंच आहे. आप्पा शांतपणे म्हणाले, ‘‘मारायचं काही नाही. कोल्ह्याला कायद्यानं मारता येत नाही, ठाऊक हाय मला.’’ हे खरं होतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असल्या जनावरांना अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून हात लावता येत नाही. रानडुकरानं उभं पीक झोपवलं तरी आधी अर्ज, मग परवानगी, मग बंदूक. डुकराला हे माहीत नसतं, म्हणून ते अर्जाची वाट न बघता येतं.

‘‘मग आवाजापुरतंच ना? सहा नंबर घेऊन जा, स्वस्तात पडेल,’’ दुकानदार म्हणाले.

‘‘सहा नंबर नको,’’ आप्पा एकदम म्हणाले. ‘‘एल.जी. द्या. पाच.’’

मला कोडं पडलं. ज्याला काही मारायचंच नाही, त्याला सगळ्यांत जड काडतूस कशाला? कॉमर्सच्या कुठल्याच पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. नुसत्या आवाजासाठी जादा भांडवल गुंतवणं याला आम्ही अनुत्पादक खर्च म्हणतो.

परतीच्या एसटीत आप्पांनी सांगितलं. गोष्ट 1969 च्या सुमाराची. कायदा यायचा होता. आप्पा बावीस-तेवीसचे. शेतात कोल्हा आला. घरात पाखरांची काडतुसं होती, तीच भरली आणि लांबून झाडली. कोल्हा कोलमडला, उठला आणि ओढ्यात गेला. ‘‘दोन रात्री वरडत होता बघ. तिसऱ्या रात्री थांबला. तुझा आजा मला म्हणाला, मारायचं नव्हतं तर बंदूक कामून उचललीस? अन् उचलली तर असं कामून मारलंस?’’

आप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘तवापासून सहा नंबर घरात आणला नाही. जड काडतूस हातात असलं ना, की माणूस धा वेळा इचार करतो. हलकं असलं की सहज झाडतो. थोडंच लागंल म्हणतो. त्या थोड्यानंच घात होतो.’’

मी घरी आलो आणि रात्री झोप येईना. ह्या विषयावर जगानंही बराच विचार केलेला आहे. 1899 साली हेग शहरात राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी ठरवलं, की शरीरात शिरल्यावर पसरणारी गोळी युद्धात वापरायची नाही. त्या गोळीचं नाव दमदम. आपल्या कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यावरून पडलेलं. आपल्या गावाचं नाव जगाच्या शब्दकोशात जावं आणि ते असं! पण शिकारीत नियम बरोबर उलटा. तिथे टोकाला नरम, पसरणारी गोळीच दयाळू समजतात. अखंड कवचाची गोळी आरपार निघून जाते, जनावर पळतं आणि कुठेतरी झुडपात तासन्‌तास मरत राहतं. म्हणजे माणसावर गोळी झाडताना दया याचा अर्थ, जमलं तर वाचू द्यावा. जनावरावर झाडताना दया याचा अर्थ, अजिबात वाचू देऊ नये. एकच गोळी एका दारात पाप आणि शेजारच्या दारात पुण्य.

मला वाटतं यात फसवणूक नाही, तर्क आहे. जखमी माणसाला दवाखाना असतो, बायको असते, पेन्शन असते. जखमी कोल्ह्याला ओढा असतो. तेव्हा ज्याला पुढे कोणी उचलणार नाही, त्याला अर्धवट मारू नये. इथवर मी पोचलो आणि दचकून उठून बसलो. कारण मला आमच्या बँकेतलं माझं टेबल आठवलं.

माझ्या टेबलाकडे थकीत पीककर्जाच्या नोटिसा असतात. मी एका दिवसात चाळीस काढतो. छापील मजकूर, रिकाम्या जागी नाव, खाली सही. एका नोटिशीनं कोणी मरत नाही. अगदी बारीक छर्रा. मी स्वतःला नेहमी सांगत आलो, की आपण सौम्य आहोत. जप्तीबिप्ती आपल्या हातात नाही, आपण नुसती आठवण करून देतो. पण ती नोटीस पोस्टमन चारचौघांत देतो. मग दुसरी जाते, मग तिसरी. माणूस कोलमडतो, उठतो आणि ओढ्याच्या दिशेनं जातो. मी साडेपाचला डबा घेऊन घरी येतो. त्याचं ओरडणं आमच्या शाखेपर्यंत ऐकू येत नाही. शाखेला काचा आहेत आणि एसी आहे.

दुसऱ्या दिवशी मी गठ्ठ्यातली वरची नोटीस उचलली. पानकनेरगावच्या बाजूचा एक शेतकरी होता, तिसरी वेळ. मी सही केली नाही. फोन केला. नोटीस पाठवणं सोपं असतं हो. फोनवर पलीकडून माणूस बोलतो. त्याला एकरकमी तडजोडीची योजना असते हे कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे मीच सांगितलं नव्हतं. तो आला, अर्ज भरला. मंजूर होईल की नाही माहीत नाही. वरच्या कार्यालयाची नळी कुठल्या काडतुसाला राजी असते ते सांगता येत नाही. पण ‘होय’ किंवा ‘नाही’ एकदाच कळेल. बाकीच्या एकोणचाळीस नोटिसा मात्र मी त्याच दिवशी पाठवल्या. उगाच खोटं कशाला सांगू? मी कारकून आहे, संत नव्हे. संत नामदेव आमच्याच जिल्ह्यातल्या नर्सीचे, पण गावाची हवा सगळ्यांनाच लागते असं नाही.

परवा अमावास्येला आप्पांबरोबर माळ्यावर झोपायला गेलो. अकराच्या सुमाराला मका सळसळला. आप्पांनी बॅटरी मारली. उजेडात दोन हिरवट डोळे चमकले आणि तोंडात अर्धी काकडी. कोल्ह्यानं आमच्याकडे असं बघितलं, जसं काही आम्हीच त्याच्या शेतात शिरलो होतो. आप्पांच्या मांडीवर बंदूक होती. आत एल.जी. होतं.

आप्पांनी बंदूक बाजूला ठेवली, उशाचा तेलाचा रिकामा डबा घेतला आणि काठीनं असा बडवला, की शेजारच्या तीन शेतांतली माणसं उठली. कोल्हा काकडीसकट पसार झाला.

‘‘आप्पा,’’ मी म्हणालो, ‘‘डबाच बडवायचा होता तर नांदेडला गेलो कशाला?’’

आप्पा अंगावर वाकळ ओढत म्हणाले, ‘‘बंदूक जवळ असल्याबिगर डबा बडवण्यात मजा नाही. नायतर लोक म्हणतात, म्हाताऱ्याकडं दुसरं होतं काय?’’

पाच काडतुसं अजून पाचच आहेत. आप्पांच्या त्या पासबुकात शिल्लक तेवढीच. आमच्या बँकेच्या भाषेत याला ‘निष्क्रिय खातं’ म्हणतात. उभ्या आयुष्यात एवढं चांगलं चाललेलं खातं मी दुसरं बघितलेलं नाही.