लॅपटॉप नक्की काय विचारतोय?

चि. सोनूस,


तुझा मेसेज वाचला. सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’ येतंय आणि हॉस्टेलमधल्या कुणीतरी विंडोजचं यूएसी (यूजर अकाउंट कंट्रोल) बंद करायला सांगितलंय. ते करू नकोस. किल्ली सापडत नाही म्हणून कोणी दारच उखडून ठेवत नाही.

विंडोज एक्सपीच्या काळात घरोघरी सगळे अ‍ॅडमिन म्हणूनच काम करायचे. त्यामुळे चुकून उघडलेल्या व्हायरसलाही अख्खा संगणक मोकळा मिळायचा. 2007 मध्ये व्हिस्टा बाजारात आलं आणि त्याच्याबरोबर यूएसी आलं. तेव्हापासून अ‍ॅडमिन अकाउंटने लॉग इन केलं तरी रोजचं काम साध्या अधिकारांवरच चालतं. पूर्ण अधिकार बाजूला ठेवलेले असतात, आणि विचारल्याशिवाय विंडोज ते कोणाच्या हाती देत नाही. म्हणून अकाउंटवर ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ लिहिलेलं असूनही नकार मिळू शकतो.

आधी इन्स्टॉलरवर राइट क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवड आणि पुढे येणारी खिडकी नीट बघ. नुसतं ‘येस’ की ‘नो’ असं विचारलं, तर तू अ‍ॅडमिन आहेस. पासवर्ड मागितला, तर नाहीस. मग तो लॅपटॉप तुझ्या बाबांनी सेट केलाय, असं समज.

इथे एक गंमत होते. बाबांचा पासवर्ड टाकलास, की इन्स्टॉलर बाबांच्या नावाने चालतो. सॉफ्टवेअर सर्वांसाठी ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये बसणारं असेल तर काही बिघडत नाही. पण ते एकाच वापरकर्त्यापुरतं असेल, तर बसतं बाबांच्या फोल्डरमध्ये, आणि तू आपली स्टार्ट मेनूत शोधत बसतेस! अशा वेळी उलट अ‍ॅडमिनच्या भानगडीत पडूच नये. उदाहरणार्थ, व्हीएस कोड हवं असेल तर त्याचा ‘यूजर इन्स्टॉलर’ घे. तो थेट तुझ्याच फोल्डरमध्ये बसतो आणि पासवर्ड मागत नाही.

इन्स्टॉलरची फाइल एमएसआय प्रकारची असेल, तर राइट क्लिकमध्ये ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ हा पर्याय बहुधा दिसणारच नाही. मग कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघड, फाइलचा पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत टाक आणि एंटर दाब.

एवढं करूनही अडलं, तर दोष बहुधा तुझ्या अधिकारांचा नसतो. जुन्या आवृत्तीचं उरलेलं फोल्डर, मागे चालू राहिलेला तोच प्रोग्रॅम, नाहीतर अँटिव्हायरस, यांपैकी कोणीतरी आडवं येतं. प्रोग्रॅम बंद कर, लॅपटॉप रीस्टार्ट कर, जुनी आवृत्ती रीतसर अनइन्स्टॉल कर. सिस्टीमच्या फोल्डरची मालकी मात्र स्वतःकडे ओढून घेऊ नकोस. त्यातल्या बऱ्याच फाइल्स विंडोजने ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’च्या नावावर ठेवलेल्या असतात, अ‍ॅडमिनच्याही नव्हे, आणि ते मुद्दाम केलेलं आहे.

कॉलेजच्या लॅबमधल्या संगणकावर यातलं काहीच करायचं नाही. तिथले नियम सर्व्हरवरून लागतात. लॅब असिस्टंटना सांग आणि मोकळी हो.

एवढ्यानेही जमलं नाही तर एररच्या खिडकीचा फोटो पाठव. पूर्ण पाठव, एरर नंबर दिसला पाहिजे. मागच्या वेळी फोटोत निम्मा तुझा अंगठाच होता.

तुझा,
मामा