ठेव आणि कुलूप

मनुष्यास ज्या विषयाचें ज्ञान असतें त्या विषयावर तो जपून बोलतो, आणि ज्याचें ज्ञान नसतें त्यावर ठासून बोलतो, ही तक्रार जुनीच आहे. पूर्वी औषधोपचार, पाऊसपाणी आणि राजकारण हे तीन विषय या प्रकारच्या मतप्रदर्शनास पुरत असत. आतां त्यांत चौथ्याची भर पडली आहे. कोणता फोन घ्यावा, कोणता ब्राउझर वापरावा, पासवर्ड कोठें लिहून ठेवावा, अँटिव्हायरस विकत घ्यावा कीं फुकटचा पुरे, यांवर ज्यास मत नाहीं असा गृहस्थ आज शोधूनही सांपडणार नाहीं. खुलताबादेंत भद्रा मारुतीच्या दर्शनास श्रावणांतल्या शनिवारीं जी गर्दी लोटते, तिच्या वाटेवर नारळ, पेढे, खेळणीं विकणाऱ्या बहुतेक दुकानांपुढें क्यूआर संकेताची चौकट टांगलेली असते. आणि पैसे देतां घेतां दुकानदार व यात्रेकरू यांच्यांत या विषयावर चार शब्द होतातच. तीं मतें ऐकण्यासारखीं असतात. 'कुलुपाचें चिन्ह दिसलें कीं भिण्याचें कारण नाहीं,' असें एक म्हणतो. 'मोठ्या कंपनीचा माल आहे, ती पाहून घेईल,' असें दुसरा म्हणतो. आणि तिसरा, जो स्वतःस सर्वांत व्यवहारी समजतो, तो म्हणतो, 'आमच्यापाशीं लपविण्यासारखें आहेच काय?'

तज्ज्ञ लोक या मतांस हंसतात. आम्हांस तें हंसणें योग्य वाटत नाहीं. रोग्यास वैद्यक येत नसलें तरी कोणत्या वैद्याकडे जावें हें त्यासच ठरवावें लागतें. तसेंच येथेंही आहे. यंत्राचें शास्त्र कळो वा न कळो, कोणावर विश्वास ठेवावा आणि तो कशाच्या जिवावर ठेवावा, या प्रश्नाचा निकाल प्रत्येकास दिवसांतून दहा वेळां करावा लागतो. हा प्रश्न शास्त्राचा कमी आणि नीतीचा अधिक आहे, आणि म्हणूनच तो या पानांत घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कुलुपापासून आरंभ करूं. ब्राउझरमध्यें पत्त्याशेजारीं जें लहानसें कुलूप दिसत असे त्याचा अर्थ इतकाच कीं, आपल्या यंत्रापासून पलीकडच्या यंत्रापर्यंत जाणारा मजकूर वाटेंत कोणास वाचतां किंवा बदलतां येऊं नये अशा सांकेतिक रूपांत जात आहे, आणि जो पत्ता लिहिला आहे त्याच पत्त्याशीं आपली जोडणी झाली आहे. त्या पत्त्यावर सावकार बसला आहे कीं भामटा, यासंबंधीं तें कुलूप एक अक्षरही बोलत नव्हतें. बँकेच्या नांवांतील एक अक्षर बदलून कोणी खोटें दुकान उघडलें तर त्या दुकानासही तसेंच कुलूप मिळतें. २०१५ सालापासून 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था यासाठीं लागणारीं प्रमाणपत्रें मोफत देत आली आहे. यांत तिचा दोष नाहीं. रस्ता सर्वांस सारखा निर्धोक असावा हेंच तिचें काम, आणि रस्त्यावरून चोरही चालतो. पण कुलूप म्हणजे प्रामाणिकपणाची हमी हा समज लोकांत इतका रुजला कीं, २०२३ सालीं गूगलनें आपल्या क्रोम ब्राउझरांतून तें कुलूपच काढून टाकलें व त्या जागीं दुसरें एक निर्विकार चिन्ह बसविलें. अर्थ सुधारत नाहीं म्हणून शब्दच मागें घ्यावा, असा प्रसंग भाषेच्या इतिहासांतही क्वचित् आढळेल.

रस्त्याची सुरक्षितता आणि माणसाची सचोटी यांतला हा भेद खुलताबादच्या रहिवाशांस समजावून देण्यास दूर जाण्याचें कारण नाहीं. घाट उतरला कीं दौलताबादचा किल्ला आहे. तासून उभा केलेला कडा, भोंवतीं खडकांत खोदलेला खंदक, एकामागून एक तट, आणि वर जाण्यास डोंगराच्या पोटांतून गेलेली ती अंधारी, जींत परका मनुष्य भरदिवसा चांचपडावा. एवढी तजवीज असतां किल्ला शत्रूच्या हातीं गेला कसा? १२९६ सालीं अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला तेव्हां रामदेवरावानें किल्ल्याचा आश्रय केला. परंतु धान्याच्या म्हणून घाईघाईनें वर नेलेल्या गोण्यांत मीठ निघालें, आणि तहावांचून गति उरली नाहीं, अशी हकीकत जुन्या इतिहासकारांनीं दिली आहे. पुढें १६३३ सालीं मोगलांच्या वतीनें महाबतखानानें वेढा घातला. खालचे तट सुरुंगांनीं फुटले हें खरें; पण वरचा किल्ला मिळाला तो आंत अन्न उरलें नाहीं म्हणून, आणि फत्तेखानानें बोलणीं करून तो खालीं करून दिला म्हणून. हा फत्तेखान मलिकंबराचा मुलगा. ज्या मलिकंबरानें १६२६ सालीं मरेपर्यंत निजामशाही खांद्यावर वाहिली, त्याची कबर खुलताबादेंतच आहे; बापानें राखलेलें मुलानें सात वर्षांत देऊन टाकलें. कडा मात्र अखेरपर्यंत जसाचा तसा उभा होता. आजही आहे.

हें केवळ जुन्या काळींच घडलें असें नव्हे. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेची गोष्ट २०१८ सालची आहे. ऑगस्ट महिन्याच्या ११ तारखेस कांहीं तासांत २८ देशांतील एटीएममधून त्या बँकेच्या नांवावर रकमा काढल्या गेल्या, आणि १३ तारखेस आणखी एक मोठी रक्कम हाँगकाँगकडे वळविली गेली. एकंदर नुकसान ९४ कोटींच्या वर गेलें. पुण्यांतल्या तिजोरीस कोणी हातही लावला नाहीं. पैसे मागणारास द्यावे कीं न द्यावे हें सांगणारी जी यंत्रणा असते तिच्या जागीं चोरट्यांनीं आपली बनावट यंत्रणा उभी केली, आणि तीच बँकेच्या नांवानें 'द्या, द्या' असें सांगत राहिली. येथेंही भिंत फुटली नाहीं, द्वारपाळ बदलला.

दुसऱ्या मताचा परामर्श थोडक्यांत घेऊं. 'मोठी कंपनी पाहून घेईल,' यांत अगदींच तथ्य नाहीं असें नाहीं. मोठ्या कंपन्यांपाशीं या कामाला वाहिलेलीं हुशार माणसें असतात, आणि घरगुती वापरणारापेक्षां त्या खचित अधिक जागरूक असतात. पण कंपनी जें राखते तें आपल्या हिशेबानें राखते. ब्राउझर आम्हांस फुकट मिळतो, आणि आम्ही म्हणतों कीं आम्हीं तो पसंत केला. खरें पाहतां पुष्कळांनीं पसंती अशी कधीं केलेलीच नसते. फोनबरोबर जें आलें तेंच चालू राहिलें. ॲपलच्या ब्राउझरमध्यें शोधाचें काम आपोआप आपल्याकडे यावें एवढ्यासाठीं गूगलनें एका २०२२ सालांत त्या कंपनीस २० अब्ज डॉलर दिले, हें अमेरिकेंतील खटल्याच्या कागदपत्रांवरून उघड झालें आहे. आमची सवय जर इतकी मोलाची असेल, तर तिला आमचें मत म्हणतांना जरा संकोच वाटावा.

आतां तिसरें मत. आणि आमच्या दृष्टीनें खरा प्रश्न येथेंच आहे. 'आमच्यापाशीं लपविण्यासारखें आहेच काय?' या वाक्यांत एक प्रकारचा सात्त्विक अभिमान आहे. ज्याचा व्यवहार चोख त्यास दार लावण्याची गरज काय, असा त्याचा भाव. यास नेहमीं उत्तर दिलें जातें तें असें कीं, मनुष्य दार लावून स्नान करतो तें कांहीं पाप झांकण्यासाठीं नव्हे. आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनींही २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमुखानें सांगितलें कीं, खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. उत्तर बरोबर आहे. पण हक्काच्या भाषेंत एक उणीव असते: हक्क माझा, तेव्हां तो सोडून देण्यासही मी मोकळा. 'मला नको हा हक्क,' असें कोणी म्हटलें कीं वाद संपला.

आम्ही दुसरेंच विचारतों. तुमच्या फोनांत जें आहे तें तुमचें आहे काय? त्यांत शेंकडों माणसांचे नंबर आहेत. बहिणीच्या आजाराचे कागद आहेत. मुलीसाठीं आलेल्या स्थळांच्या पत्रिका व छायाचित्रें आहेत. गल्लींतल्या भिशीचा हिशेब आहे. धंद्यांत बुडालेल्या मित्रानें रात्रीं एक वाजतां लिहिलेला, आणि सकाळीं 'कोणाला सांगूं नकोस' म्हणून पुन्हा बजावलेला मजकूर आहे. यांतलें तुमचें स्वतःचें असें निवडूं गेलें तर मूठभरही निघणार नाहीं. उरलेलें सारें दुसऱ्यांनीं विश्वासानें तुमच्याकडे ठेवलेलें आहे. मराठींत यास ठेव म्हणतात, आणि ठेवीचा धर्म आपल्या समाजास नवा नाहीं. ज्याच्याकडे चार लोक दागिने ठेवीत असत अशा एखाद्या सावकारानें 'माझे स्वतःचे तर तिजोरींत दोनच रुपये आहेत, मग कुलूप कशाला?' असें विचारलें असतें, तर गांवानें त्याच्या निःस्पृहतेची वाखाणणी केली असती काय? एखादें विजेरीचें ॲप संपर्कांची यादी मागतें आणि आम्ही 'परवानगी आहे' यावर बोट टेंकवितों. उजेड आम्हांस मिळाला. नंबर दुसऱ्यांचे गेले.

ज्यांच्यापाशीं खरोखरच कांहीं नव्हतें त्यांचीही एक कथा आहे. २१ ऑक्टोबर २०१६ रोजीं अमेरिकेंतील डिन नांवाच्या कंपनीवर हल्ला झाला आणि अनेक मोठीं संकेतस्थळें कित्येक तास बंद पडलीं. हल्ला करणारीं यंत्रें कोणतीं होतीं? साध्या घरांतून, दुकानांतून बसविलेले राखणीचे कॅमेरे आणि तसलींच किरकोळ उपकरणें, ज्यांचा कारखान्यांतून आलेला पासवर्ड मालकांनीं कधीं बदलला नव्हता. त्या मालकांचें स्वतःचें कांहींच गेलें नाहीं. बहुतेकांस तें कळलेंही नसेल. तसेंच २०१७ चें. वॉनाक्राय नांवाचा उपद्रव मे महिन्यांत जगभर पसरला, इंग्लंडांतील रुग्णालयांचें काम अडलें. त्यावरचा उतारा मायक्रोसॉफ्टनें मार्चमध्येंच दिलेला होता. 'अपडेट उद्यां करूं,' असें म्हणणाराच्या मनांत एवढेंच असतें कीं धोका आपला आहे, तेव्हां आळसही आपलाच. साथीच्या दिवसांत हा न्याय कोणी लावीत नाहीं.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो टाळण्यासारखा नाहीं. ठेव राखावी हें कबूल. पण किल्ली ज्यास स्वतःच्या हातांत धरतांच येत नाहीं त्यानें काय करावें? खुलताबाद तालुक्यांतील एखादा शेतकरी घ्या. पीएम-किसानचा हप्ता चालू राहावा म्हणून ई-केवायसी हवी. अवजारासाठीं महाडीबीटीवर अर्ज हवा. २०२४ सालीं लाडकी बहीण योजना निघाली तेव्हां घरांतल्या स्त्रियांचेही अर्ज भरावयाचे आले. तो बाजारांतल्या सेवा केंद्रावर जातो, टेबलावर आधार कार्ड ठेवतो, आणि फोनवर ओटीपीचे आंकडे आले कीं ते मोठ्यानें वाचून दाखवितो. त्याच फोनवर बँकेचा संदेश असतो कीं असे आंकडे कोणासही सांगूं नयेत, बँकेच्या नोकरासही नाहीं. पुढें एके दिवशीं एखादा भामटा फोनवरून तसेच आंकडे मागतो, हा तेही वाचून दाखवितो, आणि शहाणे लोक म्हणतात, 'किती सांगितलें तरी या लोकांना समजत नाहीं.' आम्हांस वाटतें, त्यास अगदीं नीट समजलें होतें. आंकडे वाचून दाखविल्यावांचून काम होत नाहीं, हें त्यास वर्षानुवर्षें शिकविलें गेलें होतें.

फसलेल्यास हंसण्याची ही जी रीत आहे तिचा आम्हांस विशेष राग येतो. सुशिक्षित घरांत ती अधिक आढळते. निवृत्त शिक्षकास कोणी पोलिसाच्या वेषांत दृश्य फोनवर 'डिजिटल अटक' करतो, दोन दिवस खोलीबाहेर पडूं देत नाहीं, आणि आयुष्याची पुंजी वळवून घेतो. असली अटक कायद्यांत कोठेंही नाहीं हें पुतण्या दुसऱ्या दिवशीं सांगतो, तेंही हंसून. १९३० या क्रमांकावर तक्रार जितक्या लवकर जाईल तितकी रक्कम वाटेंत अडविली जाण्याची आशा अधिक. पण हंसें होईल या भीतीनें मनुष्य पहिले मोलाचे तास गप्प राहतो. भामट्यास साह्य करण्याचा याहून सोपा मार्ग आमच्या पाहण्यांत नाहीं.

यावर कोणी असें सुचवितात कीं, कोणावरही विश्वास ठेवूं नये म्हणजे झालें. हा उपदेश करणाऱ्यानें एकदां त्या श्रावणी शनिवारच्या बाजारांतून फिरून यावें. पेढे हातांत पडण्यापूर्वीं पैसे दिले जातात, पैसे आल्याचा आवाज होण्यापूर्वीं पेढे दिले जातात, आणि नातवाला खांद्यावर घेतलेला आजोबा 'जरा एवढें करून दे रे बाबा' म्हणून आपला फोन शेजारच्या अनोळखी पोराच्या हातांत देतो. तें पोरही तें काम करून फोन परत देतें. विश्वास हा येथें भोळेपणा नव्हे. त्याच्यावांचून बाजार भरणारच नाहीं. तेव्हां विश्वास ठेवणारास दोष देण्याऐवजीं विश्वास ज्याच्यावर ठेवला गेला त्याच्याकडे पाहावें हें अधिक न्याय्य. शेतकऱ्याची किल्ली त्याच्या हातीं राहत नसेल, तर ती ज्याच्या हातीं जाते तो ठेव घेणारा झाला, मग त्यास तें ठाऊक असो वा नसो. आईचा फोन चालू करून देणारा मुलगा असो, सोसायटीच्या सभासदांची यादी सांभाळणारा चिटणीस असो, अथवा अर्ज भरून देणारा केंद्रचालक असो.

त्या केंद्रचालकाचेंच पाहा. अर्ज भरतांना प्रत्येक गिऱ्हाइकागणिक ब्राउझर त्यास नम्रपणें विचारतो, 'हा पासवर्ड जतन करायचा काय?' संध्याकाळपर्यंत वीस पंचवीस माणसांच्या किल्ल्या त्या एका संगणकांत गोळा झालेल्या असतात. गिऱ्हाइकास हें दिसत नाहीं. २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा संसदेनें संमत केला, पण त्याचा अंमलदार कांहीं त्या टेबलापाशीं उभा नसतो. 'नाहीं' या शब्दावर बोट ठेवण्यास अर्धें निमिष लागतें. मात्र उद्यां तोच म्हातारा पासवर्ड विसरून परत आला, आणि तो येणारच, तर नवा काढून देण्यांत केंद्रचालकाचीं दहा मिनिटें मोडणार, आणि त्या दहा मिनिटांचे पैसे त्यास कोणी देत नाहीं. बाहेर रांग उभी आहे, वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं, आणि ब्राउझर उत्तराची वाट पाहत आहे.