चार दिवसांचा विटाळ

गेल्या वैशाख पौर्णिमेला तिसगावात आमच्या घरी वंदना चालू होती. माझी पुतणी मेणबत्ती लावायला पुढे आली, तोच आजी म्हणाली, "तू नको गं, तू बाहेरची हायेस. लांब बस." पोर मुकाट्याने उंबऱ्याशी जाऊन बसली. मी त्रिसरण म्हणत होतो. एक शब्द बोललो नाही. आणि शाळेत समतेवर भाषणे देणारा तो मीच!

गावाने आपला मानलेला विटाळ आपण नाकारला. मग घरातला कसा राहिला?

नगर जिल्ह्यात मिशनचे काम १८३१ पासूनचे. त्यामुळे ख्रिस्ती झालेल्या भाऊबंदांच्या घरी बायबल असते. त्यातले लेवीय आणि गणना हे ग्रंथ मी मुद्दाम वाचले. मिसरातून निघून रानात तंबू ठोकून राहणाऱ्या इस्राएल लोकांचे नियम त्यांत आहेत. पाळी आली की बाई सात दिवस अशुद्ध. मुलगा झाला तर चाळीस दिवस, मुलगी झाली तर ऐंशी! दुप्पट का, याचे कारण तेथे दिलेले नाही. मात्र तो नियम पुरुषालाही सोडत नाही. वीर्य गेले की तोही संध्याकाळपर्यंत अशुद्ध. मढ्याला शिवलेला सात दिवस. मोशेची बहीण मिर्याम हिच्या अंगावर कोड उठले तेव्हा तिला सात दिवस छावणीबाहेर ठेवले. पण ती परत येईपर्यंत लोकांनी मुक्काम हलवला नाही. येथे मी पुस्तक मिटले. गावकुसाबाहेरच्या आपल्या माणसांसाठी कोणते गाव थांबले होते?

बाबासाहेबांनी १९४८ सालच्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात हाच फरक दाखवला आहे. आदिम समाजातही जन्म, ऋतू, मृत्यू यांचा विटाळ होता, पण तो मुदतीचा. शुद्धी झाली की माणूस पुन्हा माणसांत. अस्पृश्याचा विटाळ मात्र पिढीजात, साऱ्या जातीचा आणि कधीच न फिटणारा.

कोणी म्हणेल, मग चार दिवसांच्या विटाळाने काय बिघडते? तो तर फिटतो. मला हे पटत नाही. माणसाच्या नुसत्या देहाने दुसरा बाटतो, हे एकदा मान्य केले की चार दिवस की चार पिढ्या, एवढाच हिशेब उरतो. थेरीगाथेतल्या पुण्णिकेने, पाणी भरणाऱ्या त्या दासीने, नदीत बुडी मारून पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला बेडकांचा दाखला देऊन निरुत्तर केले. तिच्या धम्मात आमची पोर उंबऱ्याशी का?

हे सारे मी आजीला सांगितले. ओंजळीत वरून ओतलेले पाणी प्यायलेली बाई ती. शांतपणे म्हणाली, "आमच्या वक्ताला तेवढेच चार दिस चुलीपासनं सुटका व्हायची. तू देतोस का तुझ्या बायकूला?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. विटाळ काढून टाकायचा आणि विसावाही काढून घ्यायचा, हा कसला न्याय? आता त्या दिवसांत भाकरी मी थापतो. वेड्यावाकड्या होतात, आजी निमूट खाते. येत्या पौर्णिमेला मेणबत्ती पुतणीच्याच हाती देणार, हेही तिला सांगून ठेवले आहे. त्यावर ती अजून काही बोललेली नाही.