बालकाला विचारलेला प्रश्न

वाचकहो, आपल्या घरातील एखादी मुलगी मानसशास्त्राच्या एम.ए.साठी प्रबंध लिहीत असेल, तर ती प्रश्नावलीचे कागद घेऊन वस्तीत जाते, मुलांना जवळ बसविते आणि उत्तरे लिहून घेऊन परत येते. तिला पदवी मिळते. त्या मुलांना काय मिळते? आणि ज्या प्रश्नाने बालमनाला इजा होईल, तो ज्ञानासाठी विचारण्याचा अधिकार तिला आहे काय? हा विचार हवेत करण्यापेक्षा एका खऱ्या प्रबंधाच्या आधाराने करू.

मेमी फिप्स ही अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातल्या एका कृष्णवर्णीय डॉक्टरची कन्या. जन्म १९१७ चा. काळ्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या शाळांतच ती शिकली. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात ती गणित शिकावयास गेली. केनेथ क्लार्क यांच्या सांगण्यावरून मानसशास्त्राकडे वळली व पुढे त्यांच्याशीच विवाहबद्ध झाली. १९३८ चा उन्हाळा तिने एका वकिली कचेरीत काढला. शाळांतील वर्णभेदाविरुद्धच्या खटल्यांची तयारी तेथे तिने डोळ्यांनी पाहिली. १९३९ साली तिने आपला पदव्युत्तर प्रबंध पुरा केला. विषय होता, शाळेपूर्वीच्या वयातील कृष्णवर्णीय बालकाला ‘मी कोण’ ही जाणीव कशी होते. तीन ते पाच वर्षांच्या १५० मुलांपुढे गोऱ्या व काळ्या मुलांची चित्रे ठेवून ‘यात तू कोणता?’ असे विचारावयाचे, अशी ती पद्धत. प्रसिद्ध बाहुल्यांचा प्रयोग याच प्रबंधातला असे पुष्कळजण सांगतात, ते बरोबर नाही. तो नंतरचा, पण त्याचे मूळ येथेच आहे, आणि मूळ काम मेमीचेच होते हे केनेथ यांनीही मोकळेपणाने मान्य केले आहे.

त्या प्रयोगाचा अहवाल पतिपत्नींनी १९४७ साली छापला. मुले २५३. काही आर्कान्सातील वेगळ्या शाळांतली, काही उत्तरेकडील मॅसॅच्युसेट्सच्या मिश्र शाळांतली. बाहुल्या चार, रंगाखेरीज सर्व सारख्या. खेळायला कोणती आवडेल? छान कोणती? वाईट दिसणारी कोणती? आणि अखेरीस, तुझ्यासारखी दिसणारी कोणती? दोनतृतीयांश मुलांनी खेळायला गोरी बाहुली मागितली. वाईट दिसणारी म्हणून १०० पैकी ५९ मुलांनी सावळी उचलली.

आता प्रश्नांचा क्रम पाहा. ‘तुझ्यासारखी कोणती’ हे आधी विचारले, तर मूल सावळी बाहुली आपली मानून तिचाच पक्ष घेते, असे प्राथमिक चाचणीत दिसले होते. खरी आवड कळावी म्हणून तो प्रश्न शेवटी ठेवला. शास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच होते. परंतु त्या बालकाचे काय झाले? ज्या बाहुलीला त्याने नुकतेच वाईट म्हटले होते, तिच्याकडेच बोट दाखवून ‘ही मी’ असे त्याला म्हणावे लागले. काही मुलांना रडू कोसळले. दोन तर रडत खोलीबाहेर पळून गेली. अहवालातच हे नमूद आहे.

येथे कोणी म्हणेल, १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या, त्या निकालाच्या तळटीपेत क्लार्क यांच्या लेखनाचा आधार आहे. मग त्या अश्रूंचे सार्थक झाले नाही काय? (तळटीपेत नाव केनेथ यांचे आहे, मेमीचे नाही, हेही जाता जाता ध्यानात ठेवावे.) मला हा युक्तिवाद पटत नाही. खटला हरला असता, तर तोच प्रश्न विचारणे पाप ठरले असते काय? फळावरून कृत्याची पारख करणे हा व्यापाऱ्याचा हिशेब झाला.

तथागतांनी राहुलाला आरशाचा दृष्टांत देऊन सांगितले की, कृत्य करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यावरही तपासावे, याने मला वा इतरांना पीडा होते काय. प्रबंध लिहिणारे बहुधा पहिल्या तपासणीवरच थांबतात. हेतू शुद्ध आहे ना, मग झाले! खरी कसोटी मधलीच आहे. समोरच्या मुलाचे डोळे भरून आले की हातातला कागद खाली ठेवता आला पाहिजे, मग तक्त्यात एक रकाना रिकामा राहिला तरी चालेल. प्रश्नांच्या त्या क्रमाबाबत माझे मन अजूनही निःशंक होत नाही.

परंतु तिसऱ्या तपासणीत मेमी क्लार्क उणी पडली नाही. मिश्र शाळांतील मुलांनी गोरी बाहुली अधिक मागितली होती. उत्तरेत १०० पैकी ७२, दक्षिणेत ६२. वेगळ्या शाळांविरुद्ध लढणाऱ्याला हा आकडा अडचणीचा. तरीही तो दडविला नाही, जसाच्या तसा छापला. पुढे १९५२ साली व्हर्जिनियातील खटल्यात कोलंबिया विद्यापीठातले तिचे स्वतःचे मार्गदर्शक हेन्री गॅरेट वेगळ्या शाळांच्या बाजूने साक्षीला उभे राहिले, तेव्हा त्यांचे म्हणणे खोडण्यासाठी ही शिष्याही साक्षीला उभी राहिली.

आणि ती मुलांकडे परत गेली. १९४६ साली वडिलांकडून घेतलेल्या ९४६ डॉलरांवर तिने न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, एका इमारतीच्या तळघरात, बालकांच्या मानसिक उपचारांचे केंद्र उघडले. तेथे मुले येत होती, आणि १९७९ पर्यंत ती त्यांच्याजवळ बसत होती.