ऐकून घेण्याची फी

आपल्या सीमाभागातला माणूस कचेरीत कन्नड बोलतो, बाजारात दोन्ही भाषा बोलतो; पण जिवाची घालमेल सांगायची वेळ आली की त्याला घरचीच भाषा आठवते. ‘जिवाला चैन नाही’, ‘छातीत धडधडतं’, ‘अंगात उभारी नाही’ या तक्रारी घेऊन तो मनोविकारतज्ज्ञाकडे जात नाही. तो गल्लीतल्या डॉक्टरांकडे जातो. तिथे टॉनिक मिळते, रक्ताची तपासणी होते, आणि दुखणे मात्र होते तिथेच राहते.

देशात तज्ज्ञ थोडे आणि तेही शहरांत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक विकार होता, आणि त्यांतील बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. म्हणून एक विचार पुढे आला : हे काम नेहमीच्या दवाखान्यातूनच का होऊ नये? बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने १९८० च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांना शिकवून हा प्रयोग केला. त्याच धर्तीवर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला.

यावर माझे एक स्नेही विचारतात, “म्हणजे श्रीमंताला पक्का तज्ज्ञ आणि गरिबाला कच्चा? हा कुठला न्याय?” प्रश्न खोचक आहे, पण टाळता येण्यासारखा नाही.

त्याचे थोडे उत्तर शेजारच्या गोव्यात मिळते. तिथे ‘मानस’ नावाच्या प्रयोगात सरकारी आरोग्य केंद्रांत आणि खासगी डॉक्टरांकडे स्थानिक समुपदेशक नेमले. ते मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. त्यांना या कामापुरते शिक्षण दिले होते. गरज पडेल तिथे औषधे आणि तज्ज्ञांचा सल्लाही होता. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत येणारे रुग्ण नेहमीच्या उपचारांपेक्षा स्पष्टपणे अधिक संख्येने बरे झाले. खासगी दवाखान्यांत मात्र फारसा फरक दिसला नाही, कारण तिथले रुग्ण एरवीही बऱ्यापैकी सावरत होते.

ही दुसरी गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. खासगी डॉक्टर आपल्या माणसाला नावानिशी ओळखतो, चार शब्द जास्त बोलतो. सरकारी केंद्रातल्या रांगेत त्याला सवड नसते. तेव्हा समुपदेशकाने तिथे बहुधा हीच उणीव भरून काढली असावी. गरिबाकडे जे कमी होते ते केवळ औषध नव्हे. कोणीतरी त्याच्यासाठी राखून ठेवलेला वेळ.

आम्हा शिक्षकांना हे पटायला जड जाऊ नये. चार वर्गांना एकच गुरुजी असलेली शाळा आदर्श नसते, म्हणून ती कोणी बंद करत नाही. मात्र ‘आहे ना एक गुरुजी’ असे म्हणून सरकारने दुसरा नेमलाच नाही, तर तो अन्याय होतो. समुपदेशकाचेही तसेच. आपली मर्यादा ओळखून रुग्णाला वेळेवर धारवाडला किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवणारा माणूस कच्चा नव्हे. पुढे पाठवण्याची सोयच न करणारी व्यवस्था कच्ची.

दुसरा नैतिक पेच आहे गुप्ततेचा. लहान गावात डॉक्टरही लग्नाच्या पंगतीत शेजारी बसतो. ओळख हेच त्याचे बळ आणि ओळख हाच धोका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने परवडणाऱ्या उपचारांचा आणि गुप्ततेचाही हक्क दिला आहे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ची मोफत दूरध्वनी सेवाही आहे. पण कायदा कपाटात असतो आणि कंपाउंडर दारात. ‘काय झालं हो तुमच्या सुनेला?’ या प्रश्नाला त्याने काय उत्तर द्यावे, हे शिकवणे कोणत्याही यंत्राइतकेच महत्त्वाचे आहे.

शेवटी प्रश्न पैशाचा. इंजेक्शनचे पैसे आपण मुकाट्याने देतो. वीस मिनिटे ऐकून घेतल्याबद्दल डॉक्टरांनी पैसे मागितले तर ‘नुसतं बोलले आणि फी घेतली’ म्हणतो. मग त्यांनी सुई टोचली तर दोष एकट्या त्यांचा कसा? गरिबाच्या वाट्याची ही फी समाजाने, म्हणजे सरकारी तिजोरीने, दिली पाहिजे. ज्याला झेपते त्याने स्वतः आनंदाने द्यावी. ऐकून घेणे हा उपकार समजला जाईल तोवर तो मर्जीवर चालेल. ते काम समजले जाईल, तेव्हाच त्यावर सर्वांचा हक्क सांगता येईल.